वकिलीच्या आधी काय शिकायचं? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, कायदा तर शिकायचाय पण सोबत कॉम्प्युटर, कला, समाज असं पण काहीतरी करायचंय, मग आधी काय घेऊ. म्हणून आज तेवढेच घेते. मी स्वतः इथेच बडोद्यात फाइन आर्ट्सला आर्ट हिस्टरी केली, मग तीन वर्षांचं एलएलबी, आता कॉपीराइट, ट्रेडमार्क, जीआय (एखाद्या गावच्या खास मालाच्या नावाला मिळणारं कायद्याचं संरक्षण) अशी कामं बघते, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच.

मुलगी बारावी आर्ट्सला आहे. वकील व्हायचंय पण सोशिऑलॉजीही खूप आवडतं. घरचे म्हणतात क्लॅट (लॉ ची प्रवेश परीक्षा) देऊन पाच वर्षांचं करून टाक, आधी बीए केलं तर वर्षं फुकट जातील. – एक आई, दांडिया बाजार

ताई, आधी हिशोब करू. बारावीनंतरचं इंटिग्रेटेड एलएलबी पाच वर्षांचं. बीए तीन आणि एलएलबी तीन म्हणजे सहा. फरक एका वर्षाचा आहे, "वर्षं फुकट" नाही. आणि आता चार वर्षांची ऑनर्स डिग्री आलीये म्हणून कोणी घाबरवलं तर लक्षात ठेवा, तीन वर्षांच्या एलएलबीला साधी ग्रॅज्युएशन चालते, कुठल्याही विषयातली, जनरलला ४५ टक्के हवेत.

आता त्या एका वर्षात मिळतं काय, तर आपल्याच गावाशी जोडलेलं उदाहरण देते. १९१३ साली बडोदा सरकारची स्कॉलरशिप घेऊन बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले ते कायदा शिकायला नाही. मुख्य विषय इकॉनॉमिक्स, सोबत सोशिऑलॉजी, हिस्टरी, फिलॉसॉफी, अँथ्रोपॉलॉजी. जातिसंस्थेवरचा त्यांचा १९१६ चा पेपर अँथ्रोपॉलॉजीच्या सेमिनारमध्ये वाचलेला आहे. बॅरिस्टर झाले ते १९२२ ला. समाज कसा चालतो हे आधी मुळापासून बघितलं आणि मग कायदा हातात घेतला, म्हणूनच घटनेत अस्पृश्यता फक्त वाईट आहे असं लिहून थांबले नाहीत, तिचं पालन हा गुन्हा ठरवला, असं मला मनापासून वाटतं. कमाटीबागेच्या संकल्पभूमीवर, जिथे त्यांनी अस्पृश्यता मिटवायचा संकल्प केला तिथे, मुलीला एकदा नक्की घेऊन जा. १९१७ ला नोकरीसाठी ते बडोद्यात परत आले तेव्हा याच गावात त्यांना राहायला जागा मिळाली नव्हती.

मुलीला खरंच सोशिऑलॉजीची ओढ असेल तर बीए करू द्या. नसेल, आणि सुरुवातीपासून कोर्टच दिसत असेल, तर क्लॅट द्यावी, दोन तास, १२० प्रश्न, चुकीला पाव मार्क कट, आणि त्याची तयारी अकरावीपासून लागते.

मी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कायद्यात इंटरेस्ट आहे पण मित्र म्हणतात लाइन चेंज केलीस तर मागचं सगळं वाया. – एक विद्यार्थी, वाघोडिया रोड

अरे उलट आहे! डिग्री पूर्ण कर, अर्धवट सोडून पाच वर्षांच्या लॉ ला पळू नकोस. पेटंट एजंटची (शोधांच्या पेटंटचे अर्ज करून देणाऱ्याची) परीक्षा द्यायला सायन्स, इंजिनिअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची डिग्री लागते, हे १९७० च्या पेटंट कायद्यातच आहे, नुसता बीए एलएलबी झालेला कितीही हुशार वकील असला तरी त्या परीक्षेला बसू शकत नाही. तुझ्याकडे ती किल्ली आहे.

आणि रोजच्या कामातलं सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे संखेड्याचे एक कारागीर आले होते. संखेड्याचं फर्निचर तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, तो लालसर सोनेरी झोपाळा आपल्याकडे लग्नात द्यायची पद्धत होती. सागाचं लाकूड संघाड्यावर म्हणजे लेथवर फिरवायचं, लाखेत कथलाचा वर्ख घोटून त्याने नक्षी काढायची, अकीकच्या दगडाने घासून चकाकी आणायची, वर परत लाख आणि केवड्याच्या पानाने पॉलिश. काका बोलत असताना मी त्यांच्या तळहाताकडे बघत होते, रेषांमध्ये रंग बसलेला, धुऊन न जाणारा. त्यांची तक्रार होती की एका वेबसाइटवर मशीनमध्ये बनवलेला, स्प्रे मारलेला माल 'संखेडा' नावाने विकतायत. संखेड्याला जीआय आहे म्हणजे कायदा त्यांच्या बाजूने होता. पण पुरावा? त्यांच्या मुलाने मोबाइलवर काढलेले चार स्क्रीनशॉट, ना तारीख दिसतीये ना लिंक, आणि आम्ही कामाला लागेपर्यंत ते पान गायब.

तुझा उपयोग इथे आहे. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू आहे, त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट लागतं, दोन भागांत, दुसरा भाग एक्स्पर्टने भरायचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमधून गणिताने काढलेला तिचा ठसा) लिहायची. हॅश म्हणजे काय आणि फाइलमधला एक बिट बदलला तरी ती पूर्ण का बदलते हे जज साहेबांना दोन वाक्यांत सांगता येणारा वकील तू होऊ शकतोस. फक्त एक कर, बीएस्सीच्या सुट्ट्यांमध्ये कोणाच्या तरी ऑफिसात जाऊन बस, आणि एखादा इतिहासाचा किंवा समाजशास्त्राचा पेपर इलेक्टिव म्हणून मिळत असेल तर घे. कारण हॅशने फाइल तीच आहे एवढंच सिद्ध होतं, काकांचा झोपाळा खरा का आणि तो दुसरा खोटा का हे सांगायला कारागिरी कळावी लागते.

लाइन बदलण्याची भीती वाटत असेल तर श्रेया सिंघल यांची केस वाच. त्या इंग्लंडमध्ये ॲस्ट्रोफिजिक्स शिकून आल्या होत्या आणि कायद्याकडे वळत होत्या. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली तेव्हा श्रेया सुप्रीम कोर्टात गेल्या आणि २४ मार्च २०१५ ला आयटी कायद्याचं ६६ए कलम, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिण्याला गुन्हा ठरवणारं, रद्द झालं.

नवरात्रीत आमच्या सोसायटीच्या गरब्याची रील टाकली, आवाज म्यूट झाला. गरबा तर अंबामातेचा, सगळ्यांचा, मग हक्क कोणाचा? मला हेच शिकायला आवडेल, पण असा कोर्स असतो का? – बारावीची विद्यार्थिनी, मांजलपूर

तुझा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला. गरब्याचे जुने बोल कोणाच्याच मालकीचे नाहीत. पण कोणीतरी ते नव्या चालीवर, नव्या अरेंजमेंटने गायले आणि रेकॉर्ड केले की त्या रेकॉर्डिंगवर कॉपीराइट येतो, पब्लिश झाल्यापासून ६० वर्षांचा. ॲपमधली मशीन तुझ्या रीलचा आवाज त्या रेकॉर्डिंगशी जुळवून बघते, जुळला की म्यूट. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत संगीत वाजवायला सूट आहे. पण सोसायटीतला आरतीनंतरचा गरबा आणि तिकीट लावलेला ग्राउंडवरचा गरबा, दोन्ही विधीच का? आणि विधीत वाजवलं ते ठीक, पण त्याची रील जगभर टाकली ते पण विधीतच येतं का? मशीन यातलं काहीच विचारत नाही. आणि २०२३ मध्ये गरबा युनेस्कोच्या यादीत गेला म्हणून आपल्याला त्याची मालकी मिळाली असंही नाही, ती यादी परंपरा जपण्यासाठी आहे.

बघ, एका म्यूट रीलमध्ये कायदा, टेक्नॉलॉजी, संस्कृती तिन्ही आले. तिन्ही नाव एकत्र असलेली डिग्री शोधत बसू नकोस, एक विषय मेन घे आणि बाकीचे दोन मायनर, इलेक्टिव, सुट्टीतलं काम असे जोड. तू गरबा शिकवत असशील किंवा गात असशील तर आपल्या एमएस युनिव्हर्सिटीच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीला जायचा विचार पण मोकळ्या मनाने कर. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू केलेल्या गायनशाळेतून ती फॅकल्टी उभी राहिलीये, आणि तिथली डिग्री पण एलएलबीला चालते. गाण्याची चाल कुठे संपते आणि अरेंजमेंट कुठे सुरू होते हे कानाने ओळखणारे वकील फार थोडे आहेत गं.

भाची न्यू जर्सीत हायस्कूलला आहे. तिथल्या एनजेआयटीत (न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) 'लॉ, टेक्नॉलॉजी अँड कल्चर' नावाचं बीए आहे म्हणे. केलं तर इकडे येऊन वकिली करता येईल? – एक मावशी, कारेलीबाग

बीए आहे, पण त्याने वकील होता येत नाही. अमेरिकेत आधी चार वर्षांची कुठलीही डिग्री, मग एलसॅटसारखी प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षांची जेडी, म्हणजे तिथली लॉ ची डिग्री. तिथली बार असोसिएशन आधी अमुकच विषय घ्या असं सांगत नाही. म्हणजे हा कोर्स सक्तीचा नाही, पण तिला लिहायला वाचायला आवडत असेल तर छान पाया आहे. इकडे यायचं तर परदेशी लॉ डिग्री बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेल्या युनिव्हर्सिटीची हवी आणि वर त्यांची परीक्षा, ती पण भारतीय नागरिकाला. तिचं नागरिकत्व कुठलं आहे ते आधी बघा, बाकी सगळं त्यानंतर.

एका खासगी कॉलेजवाले म्हणतात आमचा प्री-लॉ कोर्स केला की लॉ ची ॲडमिशन सोपी. खरं का? – एक बाबा, अलकापुरी

नाही. आपल्याकडे प्री-लॉ नावाची कुठली पात्रता नाही, क्लॅटमध्ये त्याचा एकही मार्क मिळत नाही. फी भरायच्या आधी एवढंच विचारा की एलएलबीला बार कौन्सिलची मान्यता आहे का, आणि उत्तर कागदावर घ्या.

मी मराठी माध्यमातला, नववीत आहे. इंग्लिश कच्चं आहे. वकील होऊ शकतो का? – राजमहाल रोडवरून

होऊ शकतोस रे, नक्की. क्लॅट इंग्लिशमध्ये असते हे खरं, पण तुझ्याकडे अजून तीन-चार वर्षं आहेत. सुप्रीम कोर्टाचे बरेच निकाल आता मराठीत आणि गुजरातीत भाषांतर करून त्यांच्या वेबसाइटवर टाकतात. आठवड्याला एक निकाल घे, एक पान इंग्लिश, तेच पान मराठीत, शेजारी शेजारी ठेवून वाच आणि अडलेले शब्द वहीत लिही. गुजराती नुसती बोलू नकोस, वाचायला लिहायला पण शिक, कारण इथल्या खालच्या कोर्टात काम गुजरातीत चालतं आणि आपली बरीच मराठी मुलं तिथेच अडतात, मी पण पहिली दोन वर्षं अडखळले.

आणि एक तुझ्यासाठी खास. गायकवाडी काळातले कितीतरी कागद मोडीत आहेत, सनदा, इनामाचे, वाड्यांच्या वाटणीचे. जमिनीच्या भांडणात असा कागद निघाला की पक्षकार, वकील, क्लार्क सगळे एकमेकांकडे बघतात, आणि मग वाचणारा शोधत फिरावं लागतं. मोडी येणारी माणसं आता म्हातारी होत चाललीयेत. यंदाच्या उन्हाळ्यात शिकून घे, बाराखडीला काही आठवडे लागतात, हात बसायला जास्त. घरात आजोबांच्या ट्रंकेत एखादा जुना कागद असेल तर त्यावरच सुरुवात कर, पण त्याला आधी हात लावू नकोस, फोटो काढून घे आणि फोटोवरून वाच.