चिऱ्याच्या घरासाठी कोणता राउटर घ्यावा?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमचे घर जुने, चिऱ्याचे आणि लांबट आहे. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परसू अशी रांग असून माजघरावर माडी आहे. गावात फायबर आले तेव्हा केबलवाल्यांनी सोप्यातील दाराजवळ डबा बसवून दिला. सोप्यात इंटरनेट उत्तम चालते. परंतु सून माडीवर बसून पुण्याच्या कंपनीचे काम करते, तेथे बैठक सुरू असतानाच तिचा आवाज तुटतो. बेळगावच्या एका दुकानात सहा अँटेनांचा महागडा राउटर दाखवला. तो घ्यावा का? भरवशाचा राउटर ओळखायचा कसा?
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : सोप्यात इंटरनेट उत्तम चालते, हे आपण लिहिलेत ते फार उपयोगी पडले. बाहेरून येणारी लाइन ठीक आहे आणि अडचण सोप्यापासून माडीपर्यंतच्या वाटेत आहे, असा त्याचा अर्थ होतो. तरीही खात्रीसाठी सूनबाईंचा लॅपटॉप एक दिवस सोप्यात आणून डब्याला लॅन वायरने जोडावा आणि एखादी बैठक तशीच पार पाडावी. वायरवरही आवाज तुटला तर दोष लाइनचा आहे आणि कितीही महाग राउटर घेतला तरी तो जाणार नाही; अशा वेळी केबलवाल्यांनाच बोलवावे. डब्यावर तांबडा दिवा लागत असेल तर तेही त्यांना सांगावे.

वायरवर सारे सुरळीत चालले तर मग भिंतींचा विचार करावा लागेल. वायफायच्या लहरी प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतात. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असतो, पण जाड भिंतीतून जाताना तो पट्टा लवकर क्षीण होतो, २.४ गिगाहर्ट्झचा वेग कमी असला तरी तो भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोचतो. विटेच्या पातळ भिंतींसाठी जे पुरते, ते आपल्याकडच्या हातभर रुंद चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतींना पुरत नाही, आणि पावसाळ्यात ओल धरलेली भिंत तर आणखीच अडवते. अँटेना चार असोत की सहा, राउटरने किती जोराने लहरी सोडाव्यात याला कायद्याने मर्यादा आहे. शिवाय राउटरचे सिग्नल माडीवर पोचले तरी मोबाइलचे किंवा लॅपटॉपचे क्षीण सिग्नल परत सोप्यापर्यंत पोचावे लागतात. म्हणून सहा अँटेनांसाठी जादा पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या घराला खरा उपाय वायरचा आहे. सोप्यातील डब्यापासून माडीपर्यंत चांगल्या तांब्याची कॅट ६ वायर (लॅन वायरचाच एक प्रकार) वाशांच्या कडेने न्यावी आणि राउटर माडीवर, सूनबाईंच्या खोलीत ठेवावा. अशी वायर १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग देते आणि आपले घर कितीही लांब असले तरी तेवढे नसावे. सोप्यातील डब्याचे वायफाय खालच्या मजल्यासाठी चालूच राहू द्यावे. वायर नेणे अगदीच अशक्य असेल तर मेश पद्धतीची, म्हणजे एकमेकांशी जोडून मिळून एकच वायफाय देणारी, दोन उपकरणे घ्यावीत. मात्र दुसरे उपकरण माडीवर न ठेवता जिन्याच्या तोंडाशी, पहिल्याचे सिग्नल चांगले मिळतात तेथे ठेवावे. स्वस्त एक्स्टेंडर आलेलेच सिग्नल पुन्हा फेकतात आणि त्यात वेग साधारण निम्म्यावर येतो, म्हणून ते मी सुचवत नाही.

राउटर निवडताना खोक्यावरील मोठ्या आकड्याला भुलू नये. ‘एसी १२००’ म्हणजे एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, हे वेगाचे माप) मिळून केलेली, वरच्या शेकड्यात धरलेली बेरीज असते. तो वेग एका लॅपटॉपला कधीच मिळत नाही. त्यापेक्षा दोन्ही पट्टे आहेत का आणि पोर्ट (वायर जोडायच्या खाचा) गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत का, हे विचारावे. काही स्वस्त राउटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. त्यामुळे आपण २०० एमबीपीएसचे पैसे भरलेत तरी निम्मे वायाच जातात. वायफाय ६ (वायफायची अलीकडची पिढी) आणि डब्ल्यूपीए ३ (वायफायची सुरक्षा पद्धत) असलेला राउटर आता मध्यम किमतीत मिळतो आणि तोच घ्यावा. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलसाठी अलीकडे नवे फर्मवेअर (राउटर चालवणारे आतले सॉफ्टवेअर) आले आहे का, हे अवश्य पाहावे, कारण सुधारणा थांबलेला राउटर सुरक्षित राहत नाही.

भरवसा म्हटला की आपल्या भागात विजेचा विषय टाळता येत नाही. वीज क्षणभर गेली तरी राउटर बंद होऊन पुन्हा जोडला जाईपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात आणि सूनबाईंची बैठक मोडते. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ असे बटण असल्यास ते त्या बाजूला ठेवावे. नसल्यास डबा आणि राउटर या दोघांनाही छोटा डीसी यूपीएस (वीज गेल्यावर ते चालू ठेवणारी बॅटरी) लावावा, आणि घेताना अडॅप्टरवर १२ व्होल्ट की ९ व्होल्ट लिहिले आहे ते वाचूनच घ्यावा. एका मे महिन्यात वळिवाच्या पहिल्याच गडगडाटात माझ्या राउटरचा पोर्ट जळाला. त्या वेळी लाइन खांबावरून तांब्याच्या वायरने आली होती. फायबरच्या काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पण अडॅप्टरच्या वाटेने ती येतेच. म्हणून आभाळ भरून आले की आजही मी दोन्ही अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवतो.

प्रश्न : आम्ही शहापुरात गल्लीत राहतो. घराला घर लागून असल्याने मोबाइलवर वीस-पंचवीस वायफायची नावे दिसतात. संध्याकाळी वेग फार पडतो. राउटर बदलावा का?

उत्तर : लगेच बदलू नये. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारी केवळ तीनच चॅनेल (पट्ट्यातील उपविभाग) असतात, १, ६ आणि ११, आणि संध्याकाळी सारी गल्ली त्यांवरच असते. टीव्ही आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घ्यावेत. तेथे चॅनेल जास्त आहेत आणि शेजाऱ्यांचे सिग्नल भिंतीतच अडतात. आपल्या राउटरला तो पट्टाच नसेल, तर मात्र नवा घ्यावा.