शिडी-लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर विटा-सिमेंट चढवताना काय बघावं?

200 किलो उचलणारी शिडी-लिफ्ट, म्हणजे तिरक्या शिडीवरून मोटर आणि तारेच्या दोराने मालाची ट्रॉली वर ओढणारं मशीन, भाड्याने आणताय, ती कशी उभी करायची आणि एका फेरीत किती माल टाकायचा, हे तुम्ही विचारलंय.

आधी कोन. शिडी जमिनीशी साधारण 75 अंशांत हवी. स्लॅब 6.6 मीटरवर असेल तर शिडीचे पाय भिंतीपासून पावणेदोन मीटरवर येतात, आणि वर मीटरभर जादा धरून शिडी आठ मीटरची लागते. यापेक्षा पसरून लावली की ती मधोमध वाकते. मशीनसोबत मधला टेकू आला असेल तर तो लावाच.

घात होतो तो बहुतेक पायथ्याशी. जोत्याभोवतीचा भराव वरून टणक दिसतो, पण भार आला की एक पाय खचतो, शिडी कलते आणि ट्रॉलीची चाकं रुळावरून उतरतात. भराव ठोकून घ्या, पायांखाली दोन इंची फळी आडवी टाका. वरचं टोक कॉलमला बांधा. परांचीला नको, ओल्या कठड्याला तर नकोच.

वीट साधारण 3 किलोची, म्हणजे 50 विटांचे 150 किलो झाले. सिमेंटच्या तीन गोण्याही तेवढ्याच. मी याच्या वर जाऊ देणार नाही, कारण उचलताना आणि थांबताना बसणारा हिसका वेगळाच असतो. भिजलेले ब्लॉक असतील तर आणखी कमी टाका.

मोटर नुसती घुमते, माल उचलत नाही, तेव्हा ती जळली असं लगेच समजू नका. बऱ्याचदा वायर लांब आणि बारीक असते, व्होल्टेज पडतं. 2.5 चौरस मिमी तांब्याची तीन-कोर केबल पूर्ण उलगडून वापरा. अर्थिंग आणि 30 मिलिअँपची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच.

तारेचा दोर रोज सकाळी बघा. तुटक्या तारा, चपटा भाग किंवा मुरड दिसली की दोर बदला. ट्रॉली अगदी खाली असतानाही ड्रमवर तीन वेढे उरले पाहिजेत. दोराचं टोक दुमडून आवळणाऱ्या क्लिपचा यू-बोल्ट दोराच्या मोकळ्या टोकाकडे हवा. उलटा लावला तर भार घेणाऱ्या ताराच चेपतात.

शिडी ॲल्युमिनियमची असते, त्यामुळे विजेची लाइन ज्या बाजूला आहे ती बाजूच सोडा. खाली दोरी बांधून रस्ता अडवा आणि ट्रॉलीवर कुणालाही बसू देऊ नका, गवंडी कितीही घाईत असला तरी.

स्लॅबच्या काँक्रीटला मात्र लिफ्टवाला मिक्सरच बोलवा. 150 किलोच्या हिशेबाने एका घनमीटरला 16 फेऱ्या लागतात. तेवढ्यात आधीचा थर आवळू लागतो, जोड कच्चा राहतो आणि पावसाळ्यात तिथूनच गळतं.