पळण्यानं पाळी गेली का?

"मॅडम, तुम्हीच हिला पळणं बंद करायला सांगा. पाच महिने झाले, पाळी नाही. उद्या लग्न करायचंय हिचं." आई एका दमात बोलली. वीस वर्षांची मुलगी मात्र खाली वाकून डाव्या नडगीवर अंगठा दाबत बसली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

पोलीस भरतीची तयारी चालू होती. 800 मीटर, 100 मीटर, गोळाफेक. पहाटे पाचला मैदान, संध्याकाळी पुन्हा. गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी, सगळं तपासून झालं होतं. 'ताण असेल' म्हणून माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलेली. मीही ते मान्य केलं आणि दोन सत्रं श्वसनाचे व्यायाम शिकवण्यात घालवली.

तिसऱ्या वेळी सहज विचारलं, "काल पहाटेपासून काय काय खाल्लंस?" कोरा चहा पिऊन मैदान. आल्यावर बशीभर पोहे. दुपारी दोन पोळ्या-भाजी. चारला केळं. रात्री दीड पोळी, वरण. भात बंद. "अंग जड होतं, टायमिंग जातं, असं सर म्हणतात." हे सांगताना तिचा आवाज एकदम खाली आला.

ताण आणि हार्मोन्स म्हटलं की ताणाचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ हान्स सेल्ये आठवतो. 1936 मध्ये माँट्रियलहून त्यानं लिहिलं की थंडी, जखम, विष, अतिश्रम, उंदरांना काहीही सोसावं लागलं तरी शरीर एकाच साच्यात उत्तर देतं: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी फुगतात, छातीतली थायमस ग्रंथी आकसते, पोटात व्रण पडतात. त्या यादीत स्नायूंचे अतिश्रम होते, त्यामुळे 'व्यायाम हाच ताण आणि त्यानंच पाळी जाते' हे अनेकांना पटण्यासारखं होतं.

अमेरिकेत ओहायो विद्यापीठात अ‍ॅन लाउक्स यांनी व्यायाम आणि उपासमार वेगळी करून पाहिली. बायकांना ट्रेडमिलवर चालवलं. काहींना खर्चलेली ऊर्जा अन्नातून भरून दिली, काहींना नाही. चोवीस तास, दर दहा मिनिटांनी रक्त घेऊन, बीजकोशांना चालना देणाऱ्या एलएच या हार्मोनचे ठोके (ते थांबून थांबून रक्तात सुटतं) मोजले. 1998 मध्ये निष्कर्ष छापून आला. भरपूर खाणाऱ्यांचे ठोके व्यायामानं मंदावले नाहीत, उपाशी ठेवलेल्यांचे मंदावले. मेंदूकडून येणारे हे ठोके मंदावले की बीजकोशही गप्प होतात. पुढे 2003 च्या प्रयोगात चरबी वगळून उरणाऱ्या वजनाच्या दर किलोमागे, व्यायामाचा खर्च जाऊन, रोज 30 कॅलरींच्या खाली शिल्लक गेली की पाच दिवसांतच गडबड दिसली. 30 ही काही दगडावरची रेघ नव्हे. बाईगणिक फरक पडतो.

मी कागदावर मांडलं. खाणं अंदाजे 1,100, मैदानावर 400 गेले, उरले 700. तिचं चरबीविना वजन 37 किलोच्या आसपास. किलोमागे 20 सुद्धा नाहीत!

आईला आकड्यांत रस नव्हता. मी विचारलं, "ताई, महिन्याला पैसे कमी पडले तर आधी काय बंद करता?" त्या म्हणाल्या, "भिशी." "शरीरानं पण तेच केलंय. हृदय, मेंदू हा किराणा. पाळी म्हणजे भिशी." त्या हसल्या आणि लगेच, "मग गोळी नाही का एखादी?" म्हणाल्या. गोळीनं रक्तस्राव होईलही, पण शिल्लक तेवढीच राहील.

नडगीकडे माझं लक्ष उशिराच गेलं. इस्ट्रोजेन कमी पडलं की हाडंही कच्ची राहतात. अस्थिरोगतज्ज्ञांनी पळणं काही आठवडे थांबवलं. आईच्या मनासारखं झालं, पण ते नडगीपायी. आहारतज्ज्ञांनी मैदानाआधी केळं-दूध, नंतर शेंगदाण्याचा लाडू आणि रात्री भात पुन्हा ताटात आणला.

खरं काम त्यापुढे होतं. आधी तिला भात बघून घाम फुटायचा. वजन दोन किलो वाढलं त्या दिवशी ती रडली. "सर काढून टाकतील" ही भीती आम्ही कितीदा तरी उलगडली असेल. चौथ्या महिन्यात थोडं डाग लागण्यापुरतं आलं, मग एक महिना काही नाही. सहाव्यात पाळी नीट आली. आईचा फोन आला, "मॅडम, आता पळू देते."

सर समोर असले की लाडू मात्र अजून जर्किनच्या खिशातच राहतो. त्यावर आमचं चालू आहे.