वाचकांचे प्रश्न: भाड्याच्या घरातले ढेकूण

या वेळच्या पत्रांमधून ढेकणांवरची चार पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : सदाशिव पेठेत आम्ही तिघं कॉट बेसिसवर राहतो. खोलीत दोन लोखंडी कॉट आणि एक प्लायचा दिवाण आहे. मालकांनी पेस्ट कंट्रोल करून दिलं. आठ-दहा दिवस बरे गेले, मग पुन्हा चावे सुरू. औषधात भेसळ होती का? (एक विद्यार्थी, पुणे)

भेसळ असेलच असं नाही. मधले आठ-दहा दिवस बरे गेले, त्यातच उत्तर आहे. मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, पांढरट, आणि फटीत डिंकाने चिकटवल्यासारखं घट्ट बसलेलं असतं. फवारणीची बहुतेक औषधं अंड्यावर फारशी चालत नाहीत. उबदार हवेत सहा ते दहा दिवसांत पिल्लू बाहेर येतं आणि त्याच रात्री रक्त शोधायला निघतं. पुढे ते पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक कातेआधी त्याला एकदा तरी पोटभर रक्त लागतं. अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे जातात.

दुसरी फवारणी याच हिशेबाने लावायची. पहिलीनंतर १० ते १४ दिवसांनी ती झाली, तर सगळी अंडी फुटलेली असतात आणि पिल्लं अजून वयात आलेली नसतात. तिसरी त्यानंतर दोन आठवड्यांनी. एकाच फवारणीत काम फत्ते करण्याची हमी देणाऱ्याला काम देऊ नका. आधीच्या वेळी कोणतं औषध वापरलं ते बिलावर लिहून घ्या. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांच्या गटातल्या औषधांना बऱ्याच ठिकाणचे ढेकूण आता दाद देत नाहीत. त्यामुळे पुढच्या वेळी दुसऱ्या गटातलं औषध वापरायला सांगा. धूर सोडणारे डबे तर आणूच नका. धूर फटीत शिरत नाही, उलट ढेकूण पांगून शेजारच्या खोलीत जातात.

निम्मं काम मात्र औषधाविना, हाताने करावं लागतं. एक टॉर्च, एक जुनं प्लास्टिकचं कार्ड आणि साबणाच्या पाण्याची वाटी घ्या. दिवाण पालथा करा, खण बाहेर काढा. सनमायकाची कड जिथे सुटलेली असते तिथे, बिजागरीच्या पट्टीखाली, स्क्रूच्या भोकांत आणि कोपऱ्यात आधाराला ठोकलेल्या लाकडी ठोकळ्यांमागे बघा. बॉलपेनचा ठिपका शाईने पसरावा तसे काळे डाग, कांद्याच्या पातळ सालीसारख्या फिकट काती आणि पांढरी अंडी दिसतील. कार्ड फटीतून ओढा, निघेल ते वाटीत टाका. लोखंडी कॉटच्या पाइपची उघडी टोकं ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. आतला भाग वाफेने शेकून ती टोकं एम-सीलने बुजवा.

वाफ हे उत्तम हत्यार, पण घाई केली की वाया जातं. स्टीम क्लीनरच्या तोंडाला सुती फडकं गुंडाळा, नाहीतर वाफेच्या झोताने ढेकूण उडून पलीकडे पडतात. फूटभर फटीला निदान १२ ते १५ सेकंद द्या. फडकं फिरवलं तिथला पृष्ठभाग त्या क्षणी ७० अंशांच्या वर गेला पाहिजे. प्लायला वाफ चालते, पण भुशाच्या बोर्डाचे दिवाण फुगतात. तिथे कार्ड आणि औषध एवढंच. स्विचबोर्डजवळ वाफ नको आणि पाणीही नको.

चादरी, उशांचे अभ्रे, कपडे पिशवीत तोंड बांधूनच खोलीबाहेर न्या. ड्रायरमध्ये पूर्ण उष्णतेवर अर्धा तास पुरतो. ड्रायर नसेल तर सुती कपडे बुडतील इतकं उकळतं पाणी बादलीत घालून, झाकण ठेवून अर्धा तास भिजवा. पुस्तकांच्या पाठीच्या पोकळीतही ढेकूण बसतात. नोट्स आणि पुस्तकं बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये पूर्ण चार दिवस ठेवता येतात. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा इतका थंड नसतो.

हे सगळं झालं की कॉट भिंतीपासून वीतभर सरकवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका, आणि प्रत्येक पायाखाली उभ्या, गुळगुळीत कडांची प्लास्टिकची वाटी ठेवा. परदेशी माहितीत एवढंच सांगून थांबतात. पण आपल्याकडच्या उष्ण हवेत जी जात जास्त आढळते, तिच्या पायांवर चिकट केसांची गादी मोठी असते आणि ती गुळगुळीत प्लास्टिकही चढून जाते. म्हणून वाटीच्या आतल्या कडांना टाल्कम पावडरचा पातळ हात द्या, पावडर दर आठवड्याला नवी. वाटीत किती सापडले ते तारखेसह लिहा. सलग आठ आठवडे शून्य आल्याशिवाय मोहीम थांबवू नका.

आणि एक : चावे असह्य झाले म्हणून मित्राच्या खोलीत झोपायला जाऊ नका. ते तुमच्या बॅगेतून तिकडे जातील, आणि इथले उपाशी ढेकूण उरलेल्या दोघांकडे वळतील. तिन्ही कॉट, तिघांच्या बॅगा आणि भिंतीला लागून असलेली खोली, सगळं एकाच दिवशी व्हायला हवं.

प्रश्न : ठाण्यात ११ महिन्यांच्या करारावर राहायला आलो. चौथ्या दिवशी हायड्रॉलिक बेडमध्ये ढेकूण सापडले. बेड मालकांचा. ते म्हणतात, तुम्हीच आणले. खर्च कुणी करायचा?

कुणी आणले हे ठामपणे सिद्ध करणं अवघड, पण वसाहत किती जुनी आहे हे दिसतं. चौथ्या दिवशी पूर्ण वाढलेले ढेकूण, वेगवेगळ्या आकाराच्या काती, फुटलेल्या अंड्यांची कवचं आणि थरावर थर साचलेले काळे डाग असतील, तर ते चार दिवसांचं काम नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि आजच मालकांना पाठवा. फोनवर बोलणं झालं असेल तरी लेखी कळवा.

कायद्याबाबत गैरसमज नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं हे मालकाचं काम आहे. पण ते भाडेकरूंसाठी, आणि लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे फक्त जागा वापरायच्या परवानगीवर राहणारा (११ महिन्यांचा करार बहुधा असाच असतो) कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. तुमच्या बाबतीत करारात काय लिहिलंय यावरच भिस्त. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल तुमचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

भांडण न्यायचं कुठे, याआधी एक तोडगा सुचवा : बेड मालकांचा म्हणून फवारणीच्या तिन्ही फेऱ्यांचा खर्च त्यांचा, सामान हलवणं, कपडे धुणं तुमचं. पुढचा करार करताना एक ओळ घालून घ्या, ‘ताबा दिल्यापासून ३० दिवसांत ढेकूण आढळल्यास संपूर्ण उपचार मालकाच्या खर्चाने’. अनामत रकमेतून परस्पर वजावट होण्याची वाट त्यामुळे बंद होते.

प्रश्न : नागपुरात आहोत. गादी उन्हात टाकतो, फटीत रॉकेल सोडतो. आता कुणी गव्हात ठेवायच्या गोळ्या आणून देतो म्हणाला. ठेवू का?

नाही. कृपा करून नाही. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि तो दाराखालून, पाइपांच्या भोकांतून शेजारच्या घरात जातो. ढेकणांसाठी ठेवलेल्या अशा गोळ्यांनी झोपेत माणसं, विशेषतः लहान मुलं दगावली आहेत. या विषावर उतारा नाही. गोळी आणून ठेवलीच असेल तर तिला पाणी लावू नका, ओल्या फडक्याने उचलू नका. सगळ्यांना बाहेर काढा, शेजाऱ्यांना सांगा आणि अग्निशमन दलाला बोलवा. मळमळ, छातीत दाटणं, श्वास लागणं यातलं काहीही झालं तर थेट रुग्णालय, आणि गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा.

रॉकेलही बंद करा. अंगावर पडलं तर ढेकूण मरतो, पण भिजलेली गादी ठिणगीला टपलेली असते.

उन्हाबद्दल : ढेकूण ४८ अंशांना काही मिनिटांत मरतो, अंड्यांना तेच तापमान दीड तास लागतं. मे महिन्यात गच्चीवरची गादी वरून पोळते, पण आतून तितकी तापत नाही, आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. कपडे मात्र जमतात. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत पातळ थरात, मधोमध थर्मामीटर ठेवून. मधला आकडा ५० च्या वर दोन तास राहिला तर काम झालं. गादीला चेन असलेलं ढेकूणरोधक कव्हर घाला आणि वर्षभर काढू नका. आतले उपाशी मरतात.

प्रश्न : माझा फ्लॅट भाडेकरू गेल्यावर दोन महिने रिकामा आहे. ढेकूण आपोआप गेले असतील ना?

गृहीत धरू नका. पूर्ण वाढलेला ढेकूण रक्ताविना काही महिने काढतो, थंडीत जास्तच. शिवाय रिकाम्या घरातले भुकेने वायरिंगच्या पाइपमधून शेजाऱ्यांकडे जातात आणि तिकडून परतही येतात. नवा भाडेकरू यायच्या आधी पलंगाचे सांधे आणि पडद्याच्या वरच्या शिवणी टॉर्चने बघा. स्विचबोर्ड उघडायचाच तर मेन बंद करून, वायरमनकडूनच. भिंतीत वायर शिरते ती भोकं पुट्टीने बुजवून घ्या. फवारणी करायची झाली तर कीटकनाशके अधिनियम, १९६८ खालचा परवाना असलेल्याकडूनच, आणि बिलाची एक प्रत नव्या भाडेकरूच्या हातात ठेवा.