"टेक्स्टाइल घेतलं तर फी भरणार नाही"

प्रश्न: मुलीला एमएचटी-सीईटीत 91 पर्सेंटाइल आहेत. माझं म्हणणं कॉम्प्युटर घे, नाही मिळालं तर मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ, कर्ज काढेन. तिचं एकच, टेक्स्टाइल इंजिनिअरिंग. शिवणकाम शिकायला चार वर्षं कशाला? अभ्यास सोडून जुन्या कपड्यांचे धागे काढते आणि गॅसवर जाळून वास घेत बसते. माझे वडील लालबागला गिरणीत स्पिनिंग खात्यात होते, संपात सगळं गेलं. त्या धंद्यात मुलगी घालणार नाही. टेक्स्टाइल घेतलं तर फी भरणार नाही असं सांगितलंय, आठ दिवस आमचं बोलणं बंद आहे. तुम्हीच तिला समजवा. (एक पालक, डोंबिवली)

उत्तर:

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिला समजवायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंय, पण मला आधी तुमच्याशीच बोलायचंय.

91 पर्सेंटाइल चांगले आहेत, त्याची काळजी सोडा. मला काळजी वाटली ती शेवटच्या दोन वाक्यांची. सतरा-अठरा वर्षांची मुलगी तुमच्या समोर बसून सांगते की मला हे शिकायचंय, आणि तिला उत्तर मिळतं फी बंद, बोलणं बंद. आणि त्याच पत्रात मॅनेजमेंट कोट्यासाठी कर्ज काढायची तुमची तयारी आहे! म्हणजे पैशाचा प्रश्न नाहीच, पैसा फक्त तिला वाकवायला वापरला जातोय. स्पष्ट लिहितोय, राग येईल, पण अशा घरातली मुलं माझ्याकडे सेकंड इयरला येतात, चार-चार विषय राहिलेले असतात आणि विचारलं की सांगतात, ब्रांच बाबांनी घेतली होती. तेव्हा बाबाही रडत असतात. तुम्हाला त्या जागी यायचं नाहीये, म्हणून आज रात्री जेवताना आधी बोलणं सुरू करा. ब्रांचचं नंतर बघू.

आता गिरणीचं. पत्रात तुम्ही एका ओळीत संपवलंय पण खरा विषय तोच आहे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले, आणि तुमच्यासारख्या हजारो घरांत त्यानंतर कापड हा शब्दच नकोसा झाला. ही भीती खोटी नाही, मी ती हसण्यावारी नेणार नाही. पण एक गोष्ट नीट बघा. लोकांनी कापड वापरणं थांबवलं म्हणून गिरण्या नाही बुडाल्या. मालकांनी जुन्या मशिनी बदलल्या नाहीत, काम आधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पॉवरलूमवर जायला लागलं होतं, संपात ते आणखी गेलं, आणि पुढे गिरणीच्या कापडापेक्षा गिरणीखालच्या जमिनीला भाव आला. बळी गेला तो कामगाराचा. तुमच्या वडिलांच्या हातात ना मशीन बदलायचा निर्णय होता ना जमिनीचा. तुमची मुलगी शिकायचं म्हणतेय ते नेमकं हे निर्णय घ्यायचं काम, कुठली मशीन घ्यायची, कुठला धागा, किती माणसं, कुठे नुकसान होतंय. आणि मुंबईतली व्हीजेटीआय, जिथे आज सगळ्यांना कॉम्प्युटरला ॲडमिशन हवी असते, ती 1887 मध्ये सुरू झाली तीच मुळात गिरण्यांना शिकलेली माणसं हवी होती म्हणून. टेक्स्टाइल तिथे आजही शिकवतात.

आता ते शिवणकाम. हा गैरसमज इतका पसरलाय की जरा सविस्तर लिहितो. गारमेंट फॅक्टरीत एक माणूस अख्खा शर्ट शिवत नाही. कॉलर एक जण, कफ दुसरा, बाही तिसरा, बटण चौथा, अशी तीस-चाळीस मशिनींची लाइन असते आणि प्रत्येक कामाला किती वेळ लागायला हवा हे घड्याळ लावून मोजून मिनिटांत ठरवतात, त्याला फॅक्टरीत सॅम (स्टँडर्ड अलाउड मिनिट) म्हणतात. समजा बाकी सगळी कामं अर्ध्या मिनिटात होतायत पण कॉलर जोडायला दीड मिनिट लागतंय, तर तासाला 120 शर्ट निघायच्या ऐवजी 40 च निघणार, बाकीच्यांनी कितीही हात चालवले तरी. मग तिथे दुसरी मशीन लावायची, का ऑपरेशन तोडून दोघांत वाटायचं, का अटॅचमेंट बसवायची, हे ठरवणारा इंजिनिअर असतो. शर्टाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कापडाचा, त्यामुळे कटिंगला मार्कर, म्हणजे कापडावर शर्टाचे तुकडे कसे मांडून कापायचे त्याचा आराखडा, बसवताना एका शर्टामागे दोन सेंटिमीटर कापड वाचलं तर लाख शर्टांच्या ऑर्डरला दोन किलोमीटर कापड वाचतं. हे गणित आहे हो, शिवणकाम नाही. (आणि शिवणकाम असतं तरी त्यात कमीपणा काय होता? त्या लाइनवर बसणाऱ्या बायकांचं कौशल्य एकदा जवळून बघा.)

आणि ते गॅसवर धागे जाळणं! तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय आणि मी ते वाचून खूश झालो. तिला सांगा त्याला बर्निंग टेस्ट म्हणतात, धागा कशाचा आहे ते ओळखायची ही पद्धत फायबरच्या लॅबमध्ये सुरुवातीलाच करून घेतात. कॉटन जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडली तर उडून जाईल अशी राखाडी राख उरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आधी आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी होतो. लोकर किंवा रेशीम असेल तर जळक्या केसांचा वास. टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि कॉटनचं मिश्रण, ते जाळलं तर त्या दोन्हीची खूण सापडते. कुणी न शिकवता मुलगी हे करतेय, वास लक्षात ठेवतेय, म्हणजे तिला आवड कपड्यांची नाही, कापड कशाचं बनलंय याची आहे, आणि ह्यात फार फरक आहे. फक्त गॅसवर नको, धागा चिमट्यात धरायचा, खाली पाण्याची वाटी ठेवायची, वितळलेलं पॉलिएस्टर बोटाला चिकटलं तर वाईट भाजतं.

पुढचं तुझ्यासाठी लिहितोय बेटा, बाबा वाचायला देतील अशी आशा आहे.

मे महिन्यात डोंबिवली फास्टमध्ये पॉलिएस्टरचा शर्ट घालून उभं राहिलं की काय होतं ते तुला माहितीये. प्रमाणित हवेत कॉटन स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतं, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. मग क्रिकेटची जर्सी पॉलिएस्टरचीच का असते? तंतूचा आकारच असा काढतात की त्याच्या बाजूला बारीक पन्हळी राहतात, घाम आत शिरत नाही पण त्या पन्हळीतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि वाळतो, कॉटन मात्र भिजून जड होतं. हे वाचून तुला पुढे आणखी प्रश्न पडले असतील तर तू योग्य फील्ड निवडतेयस. आणि हे वाचताना कंटाळा आला, फक्त सुंदर ड्रेस डिझाइन करायचेत असं वाटत असेल तर टेक्स्टाइल इंजिनिअरिंग घेऊ नकोस, डिझाइनचा कोर्स बघ. कारण पहिल्या वर्षी मॅथ्स, मेकॅनिक्स, ड्रॉइंग हेच आहे, कपड्याचं नावही फारसं निघत नाही.

दुसरं, फायबर, कापड, रंगाई आणि गारमेंट ही एकाच साखळीतली वेगवेगळी कामं आहेत. केमिस्ट्री आवडत असेल, म्हणजे पॉलिएस्टर 130 अंशाला प्रेशरखाली का रंगवावं लागतं असले प्रश्न, तर माटुंग्याच्या आयसीटीमधला फायबर्स अँड टेक्स्टाइल प्रोसेसिंगचा बीटेक बघ. मशिनी आवडत असतील तर व्हीजेटीआय, इचलकरंजीचं डीकेटीई, नांदेडचं एसजीजीएस. फक्त गारमेंट हवं तर निफ्टचा बीएफटेक (फॅशन टेक्नॉलॉजीची पदवी) आहे, त्याला वेगळी परीक्षा असते जी वर्षाच्या सुरुवातीलाच होऊन जाते. पुढे एमटेक करायचं तर गेटला टेक्स्टाइलचा स्वतंत्र पेपर आहे. आणि कापड म्हणजे फक्त कपडे नाहीत, गाडीतली एअरबॅग, रस्त्याखाली घालतात ते जिओटेक्स्टाइल, ऑपरेशनचे गाऊन, कोविडमधल्या मास्कचा मधला थर, हे सगळं ह्याच विषयात येतं. केंद्र सरकारने 2020 मध्ये टेक्निकल टेक्स्टाइलसाठी 1,480 कोटींचं मिशन मंजूर केलं ते ह्याच्यासाठीच.

आता कडू भाग, तोही सांगायलाच हवा. पहिल्या नोकरीचा पगार सॉफ्टवेअरच्या मोठ्या पॅकेजएवढा नसतो. काम ऑफिसात कमी, शॉप फ्लोअरवर जास्त, स्पिनिंग मिल तीन पाळ्यांत चालते, लूमशेडमध्ये, म्हणजे माग चालतात तिथे, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि नोकरी डोंबिवलीच्या जवळ मिळेलच असं नाही, तिरुप्पूर, अहमदाबाद, बेंगळुरू कुठेही जावं लागेल. जायची तयारी आहे का? हे तुझं तूच ठरव.

म्हणून दोघांसाठी एक काम देतो. भिवंडी तुमच्या घरापासून लांब नाही. कुणाच्या तरी ओळखीने एक लूमशेड आणि एक गारमेंट युनिट एका दिवसात बघून या, बापलेक दोघांनी, सुट्टी काढून. आजोबा असतील आणि प्रवास झेपणार असेल तर त्यांनाही न्या, स्पिनिंग खात्यातल्या माणसाला सूत हातात घेतल्यावर जे कळतं ते मला इथे बसून लिहिता येणार नाही. कॉलेज बघायला जाल तेव्हा लॅबमधली किती मशिनी प्रत्यक्ष चालू आहेत ते विचारा आणि थर्ड इयरच्या दोन पोरांशी शिक्षक नसताना बोला, प्लेसमेंटचं माहितीपत्रक नंतर वाचलं तरी चालेल.

कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरताना क्रम आवडीचा लाव, मिळण्याच्या शक्यतेचा नाही. पहिल्या नंबरचा पर्याय मिळाला की पुढच्या फेरीत बदलता येत नाही, त्यामुळे बाबांना बरं वाटावं म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकू नकोस. यंदाचे नियम सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतून स्वतः वाच, आणि फॉर्म लॉक करायच्या आधी ती यादी बाबांना एकदा दाखव.