छोट्या एम्ब्रॉयडरी व्यवसायासाठी पंचिंगचं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की १२ सुयांचं सिंगल हेड (एका वेळी एकच पीस शिवणारं) मशीन घेतलंय, शाळेच्या युनिफॉर्मचे लोगो, मंडळांचे टीशर्ट आणि ब्लाउजच्या बाह्या करायच्यात, पंचिंगच्या, म्हणजे डिझाईनचे मशीनला समजणारे टाके बनवायच्या, सॉफ्टवेअरसाठी ५० हजार बाजूला ठेवलेत आणि मशीनवाला म्हणतोय की सगळ्यात भारी सॉफ्टवेअर मीच फुकट टाकून देतो. मी सांगलीत ९ वर्षं हेच काम करतेय, एका हेडवर सुरू केलं आता ४ हेडचं मशीन आहे, त्यामुळे मला जे कळलंय ते सगळं सांगते, उत्तर लांबेल.

पहिलं म्हणजे ते ५० हजार आत्ता हलवू नका. आणि ते फुकटचं तर अजिबात घेऊ नका.

फुकटचं म्हणजे क्रॅक कॉपी असते. मलाही मशीनसोबत तशीच मिळाली होती, मशीन बसवायला आलेल्या मुलाने पेनड्राइव्हवरून टाकून दिली, अँटिव्हायरस बंद करायला लावला आणि म्हणाला विंडोज अपडेट करू नका. दीड वर्ष चाललं. मग ऐन मे महिन्यात, शाळांच्या ऑर्डरी डोक्यावर असताना, लॅपटॉपमध्ये व्हायरस घुसून सगळ्या फाईली लॉक झाल्या. मशीनच्या पेनड्राइव्हमध्ये फक्त डीएसटी उरल्या, मूळ फाईली गेल्या. मशीनवाल्याने फोन उचलला नाही. त्या महिन्यात मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जुने लोगो नव्याने पंच केलेत. शिवाय कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३ब आहे, चोरीची कॉपी आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. आपण शाळेला, कंपनीला पक्कं बिल देणारी माणसं, आपलं दुकान उघड्यावर असतं, हा धोका का घ्यायचा.

आता डीएसटी उरली तर काय बिघडलं असं वाटेल, आणि नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. डीएसटी हा ताजिमा मशीनचा फॉरमॅट, आपल्याकडची जवळपास सगळी चायना मशीनं, दाहाओ कंपनीचं कंट्रोल पॅनल असलेली, हाच वाचतात. पण त्यात डिझाईन नसतं हो, फक्त टाके असतात. सुई इथून इकडे किती सरकली, ०.१ मिलिमीटरच्या हिशोबात, एका हालचालीला जास्तीत जास्त १२.१ मिलिमीटर, आणि कुठे रंग बदलायला थांबायचं एवढंच. कोणता रंग तेसुद्धा त्यात नसतं. म्हणून ती डीएसटी ओढून मोठी केली की टाके लांब होतात आणि दोन टाक्यांमधली जागा वाढते. ०.४ ची डेन्सिटी (टाक्यांच्या रांगांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) ३० टक्के मोठी केली की ०.५२ होते आणि खालून कापड दिसायला लागतं. मी हे एका ढोल पथकाच्या १२० कुर्त्यांवर करून बसले होते, छातीचा लोगो पॅनलवरच मोठा करून पाठीवर घेतला, भगव्या कापडावर पांढऱ्या फिलमधून, म्हणजे भरीव टाक्यांमधून, भगवं दिसत होतं. ४० कुर्ते झाल्यावर लक्षात आलं. कुर्ते भरून द्यावे लागले. डीएसटी ५-१० टक्क्यांपर्यंत लहानमोठी केलेली चालते, त्यापुढे मूळ फाईलच लागते, जिच्यात "हा सॅटिन (आडव्या टाक्यांची चकचकीत पट्टी) आहे, एवढा रुंद, एवढी डेन्सिटी, खाली असा अंडरले (आधाराचे टाके)" असं लिहिलेलं असतं आणि साईझ बदलली की सॉफ्टवेअर टाके नव्याने मांडतं. विलकॉमची ती ईएमबी, ब्रदरच्या पीई-डिझाईनची पीईएस, इंकस्टिचची एसव्हीजी.

म्हणून माझा सल्ला असा की पहिले ६ महिने पंचिंग बाहेरून करून घ्या. प्रत्येक मोठ्या गावात पंचिंगवाले आहेत, सुरतचे तर व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसात फाईल देतात. मी सुरुवातीला एका छातीच्या लोगोला २५० ते ४०० रुपये देत होते. महिन्याला ६-७ नवे लोगो आले तरी दोन-अडीच हजारात काम होतं, आणि शाळेचा लोगो एकदा पंच झाला की तो वर्षानुवर्षं चालतो. फक्त ठरवतानाच सांगा की डीएसटीबरोबर ईएमबी पण हवी. बरेच जण देत नाहीत, १०० रुपये जास्त घेऊन देतात, ते खुशाल द्या. त्या फाईली बघायला, डीएसटी करायला विलकॉमचंच ट्रूसायझर आहे, ते फुकट आहे आणि खरंच फुकट आहे, कंपनीच्या साईटवरून घ्यायचं. त्यात पंचिंग होत नाही पण ईएमबी उघडते, टाके किती ते दिसतं, साईझ नीट बदलते. तुमचा रेट तुम्ही हजार टाक्यांवर लावणार, तर गिऱ्हाईकाशी बोलताना हे समोर असलेलं बरं.

आणि या ६ महिन्यांत स्वतः शिका, इंकस्टिचवर. हे इंकस्केप नावाच्या फुकट ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये बसणारं एक्स्टेन्शन आहे, ओपन सोर्स, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, डीएसटी, पीईएस, जेईएफ सगळं काढून देतं. ईएमबी मात्र उघडत नाही. थोडं किचकट आहे, सॅटिनसाठी दोन बाजूच्या दोन रेघा आणि मधे आडव्या पायऱ्या काढाव्या लागतात, शिडीसारखं, पहिला आठवडा डोकं दुखतं. पण त्यामुळेच टाका कुठल्या दिशेला पडतोय हे कायमचं डोक्यात बसतं. एक सांगून ठेवते, त्यात फिलच्या रांगांमधलं अंतर आपोआप ०.२५ मिलिमीटर येतं, मी ते ०.३५ ते ०.४ वर आणते, नाहीतर टीशर्टवर लोगो पत्र्यासारखा कडक होतो.

आता खरा मुद्दा, जो यूट्यूबवरच्या इंग्लिश व्हिडिओत कुणी सांगत नाही, आपली मराठी अक्षरं. तुमच्या कामात निम्मी अक्षरं देवनागरी असणार, शाळेचं नाव, मंडळाचं नाव, ग्रामपंचायत, पथक. सॉफ्टवेअरमध्ये जे तयार एम्ब्रॉयडरी फॉन्ट येतात ते जवळपास सगळे इंग्लिशचे, ३०० फॉन्ट आहेत म्हणून पैसे मोजू नका. साधा मराठी फॉन्ट टाकून सॉफ्टवेअरला टाके बनवायला सांगितले की ते प्रत्येक अक्षर सुटं धरतं. शिरोरेषा तुकड्या-तुकड्यात येते, जिथे दोन तुकडे एकावर एक चढतात तिथे गाठ होते, सुई तुटते, आणि जिथे टाक्याने कापड ओढलं जातं तिथे फट पडते. "विद्यालय" असं लिहिलेलं लांबून "वि द्या ल य" दिसतं. काही जुन्या व्हर्जनमध्ये तर जोडाक्षरच होत नाही, द चा पाय मोडलेला आणि य बाजूला.

मी असं करते. नाव इंकस्केपमध्ये युनिकोडमध्ये टाइप करायचं, तिथे जोडाक्षरं बरोबर येतात, मग त्याचा पाथ, म्हणजे नुसत्या रेघांचा आकार, करायचा आणि तो फक्त खाली ठेवून वरून हाताने पंच करायचं. आधी सगळ्या अक्षरांचं अंग, मग वरच्या मात्रा-वेलांट्या, आणि शेवटी शिरोरेषा पूर्ण शब्दावरून एकच सॅटिन, साधारण सव्वा मिलिमीटर रुंद, डावीकडून उजवीकडे एका दमात. सॅटिनची पट्टी शिवताना लांबीच्या दिशेने थोडी सरकून वाढते, त्यामुळे काना किंवा अक्षराची दांडी स्क्रीनवर शिरोरेषेला बरोबर टेकवली तर कापडावर ती रेषेच्या वर टोक काढते, दाढी वाढल्यासारखी. म्हणून दांडी रेषेच्या वरच्या कडेपर्यंत न नेता रेषेच्या जाडीच्या अर्ध्यातच थांबवायची. अनुस्वाराचा टिंब फॉन्टमध्ये असतो तेवढा ठेवला तर धाग्याचा नुसता गोळा होतो, तो मोठा करून सव्वा मिलिमीटरच्या खाली येऊ द्यायचा नाही. इंग्लिश अक्षर नेहमीच्या ४० नंबरच्या धाग्यात ५ मिलिमीटर उंचीचं चालतं पण मराठीत वर वेलांटी खाली उकार, मधे ज्ञ-श्र-द्य, म्हणून मी मॅटी कापडाच्या टीशर्टवर अक्षराचं अंग ८ मिलिमीटरच्या खाली घेत नाही. अगदीच लहान हवं असेल तर ६० नंबरचा बारीक धागा आणि ६५/९ ची सुई. गिऱ्हाईक म्हणतं एवढ्याच गोलात सगळं नाव, स्थापना वर्ष, पत्ता बसवा, त्याला तिथेच नाही म्हणा आणि पत्ता काढायला लावा, नंतर माल परत येण्यापेक्षा ते बरं. अजून एक, फ्लेक्सवाल्याकडून लोगोची फाईल येते ती कोरल ड्रॉमधली असते आणि त्यात श्री-लिपीसारखा फॉन्ट असतो, तुमच्याकडे उघडली की भलतीच अक्षरं दिसतात, त्याला अक्षरं कर्व्ह (फॉन्टऐवजी नुसते आकार) करून पीडीएफ पाठवायला सांगा.

एवढं हाताला बसलं की मग पैसे घालायचा विचार करा. माझं मत विचाराल तर शाळा-मंडळाच्या कामाला विलकॉमच्या घरातलंच घ्यावं, कारण आपल्याकडचे पंचिंगवाले, कारागीर, सगळे ईएमबीवर चालतात, उद्या मुलगा कामाला ठेवला तरी तो तेच शिकून आलेला असतो. एम्ब्रॉयडरी स्टुडिओ हे त्यांचं मोठं, ते एका हेडला जड आहे, मी ते ४ हेडचं मशीन आल्यावर घेतलं. छोट्या धंद्यासाठी त्यांचंच हॅच आहे, त्याची सगळ्यात वरची डिजिटायझर नावाची लेव्हल लागते, खालच्या लेव्हलमध्ये नवं पंचिंग नीट करता येत नाही, हे घेताना नीट बघा. तेही हजार डॉलरच्या वर जातं, म्हणजे तुमच्या ५० हजारात बसत नाही, पण ३० दिवसांची ट्रायल मिळते. एम्बर्ड स्वस्त पडतं, पण बेसिक वेगळं आणि पंचिंगचा स्टुडिओ वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि दिसायला जुनाट आहे, मी दोन महिने वापरून सोडलं. मॅक असेल तर एम्ब्रिलियन्स बघा. पीई-डिझाईन ब्रदरचं घरगुती मशीन असेल तरच. भाव अधिकृत डीलरकडून लेखी घ्या, १८ टक्के जीएसटी धरून, आणि नियमित जीएसटी भरत असाल तर पक्क्या बिलावर तो परत वळता होतो, जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर नाही.

ऑटो डिजिटायझिंगचं, म्हणजे चित्रावरून आपोआप पंचिंग करायचं, बटन दाखवून कुणी विकत असेल तर त्याला तुमचा स्वतःचा, मराठी अक्षरांचा लोगो द्या आणि समोर मशीनवर, मॅटीच्या तुकड्यावर काढून दाखवायला सांगा. स्क्रीनवर सगळंच सुंदर दिसतं. फोटोवरून ऑटोने केलेल्या फाईलीत मी छातीच्या लोगोत ४०-५० ट्रिम, म्हणजे मधेच धागा कापणं, पाहिलेत, हाताने केलेल्यात ८-१० मध्ये तेच काम होतं, आणि प्रत्येक ट्रिमला मशीन थांबतं, १०० पीसच्या ऑर्डरीत अर्धा दिवस त्यात जातो.

हॅचची ट्रायल आत्ता सुरू करू नका, ते ३० दिवस मशीन शिकण्यातच जातील. शाळांची गर्दी जूनअखेर ओसरते आणि गणपतीच्या टीशर्टच्या ऑर्डरी सुरू व्हायला थोडे दिवस असतात, तो महिना धरा. तोवर इंकस्टिचवर तुमच्या गावचं नाव ८ मिलिमीटरमध्ये एकदा काढून बघा, खाली दोन पदर बॅकिंग पेपर लावून, वरून पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवून, स्पीड मिनिटाला ६५० टाक्यांवर. शिरोरेषा तुटली तर सॅटिनचं पुल कॉम्पेन्सेशन (कापड ओढलं जातं म्हणून दिलेली जादा रुंदी) ०.३ मिलिमीटर करा आणि खाली अंडरलेची एक सरळ रेघ द्या, तरी तुटली तर फोटो इथे टाका, मी बघून सांगते.