धातूला चिकटलेले जिवाणू आणि गंज: नवीन तपासनीसास सल्ला

नळीच्या गंजामागे जिवाणू आहेत की नाही, याचा निष्कर्ष आपण पाण्यातील जिवाणूंची संख्या मोजून काढू पाहत आहात; परंतु नळीला छिद्र पाडणारे जिवाणू पाण्यात तरंगणारे नसून धातूला चिकटलेले असतात, हे आधी ध्यानात घ्यावे. धातू पाण्यात बुडताच त्यावर सेंद्रिय रेणूंचा पातळ लेप बसतो. त्यावर जिवाणू प्रथम सैलसर टेकतात आणि मग स्वतःभोवती शर्करा व प्रथिनांचा बुळबुळीत पदार्थ स्रवून असे रुततात की नुसत्या पाण्याच्या झोताने सहसा निघत नाहीत. या थराच्या वरच्या भागातील जिवाणू प्राणवायू संपवतात, त्यामुळे वाहत्या पाण्यात हवा मिसळलेली असली तरी तळाशी सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवणारे जिवाणू सुखाने वाढतात. शिवाय थराखालची ही प्राणवायूविरहित जागा धनाग्र (गंजण्याच्या विद्युत-रासायनिक क्रियेत धातू जिथून विरघळतो तो भाग) ठरते आणि तेवढ्याच ठिकाणी धातू विरघळून खोल खड्डा पडतो. (सगळीकडे सारखा गंज चढला असता तर परवडले असते, असे म्हणण्याची पाळी येते.)

अशा खड्ड्यावर साचलेली गंजाची गाठ फोडल्यावर आतील भाग लगेच पाहावा, कारण तेथील ओला काळा थर हवेत तपकिरी होतो व पुरावा हातचा जातो. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तेथे सल्फाइड आहे असे समजावे. मात्र वास येणारा तो वायू, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, विषारी असल्याने मुद्दाम हुंगू नये. तरीही तेवढ्यावरून जिवाणूंना दोषी ठरवू नये; सल्फाइड मूळ पाण्यातूनही आलेले असू शकते.